टीव्हीचा जुना सिग्नल बंद का करावा लागला?

रंगीत टीव्ही आला तेव्हा कोणालाही आपला कृष्णधवल संच टाकून द्यावा लागला नव्हता. इंजिनिअरांनी रंगाची माहिती जुन्याच लहरीत अशी बसवली होती की जुना संच तिच्याकडे दुर्लक्ष करून काळं-पांढरं चित्र दाखवत राहायचा. डिजिटल टीव्हीच्या वेळी मात्र एकामागून एका देशानं कायदे केले, तारखा जाहीर केल्या आणि ठरलेल्या दिवशी जुनं प्रक्षेपण थांबवून टाकलं. ज्या घरांत फक्त अँटेनावर जुना संच चालायचा, त्यांच्या पडद्यावर त्या क्षणापासून नुसत्या मुंग्या. चित्र जरा सुबक दिसावं एवढ्यासाठी कोणतंही सरकार इतकी उलथापालथ अंगावर घेणार नाही. खरा प्रश्न हवेतल्या जागेचा होता, आणि तो कळायला आधी जुनी पद्धत चालायची कशी हे पाहावं लागतं.

टीव्हीचं चित्र आडव्या रेघांनी बनतं. युरोपसह जगाच्या बऱ्याच भागात एका चित्राला ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं असा हिशेब होता. अमेरिका आणि जपानमध्ये ५२५ रेघा आणि जवळपास ३० चित्रं. ६२५ ला २५ नं गुणलं की सेकंदाला १५,६२५ रेघा होतात, म्हणजे एका रेघेच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). त्यातले साधारण १२ मायक्रोसेकंद सूचनांसाठी जायचे : ही रेघ संपली, नवी सुरू कर, रंगाचं माप असं धर. उरलेल्या ५२ मायक्रोसेकंदांत डावीकडून उजवीकडे कुठे किती उजेड आहे हे लहरीच्या कमी-जास्त ताकदीतून सांगितलं जायचं. बहुतेक देशांत हे उलटं होतं, म्हणजे चित्र जितकं उजळ तितकी लहर क्षीण. आधी विषम रेघा आणि मग सम रेघा काढायच्या, म्हणजे डोळ्याला लुकलुक जाणवत नाही.

यातली खरी करामत अशी की संचाला काहीही लक्षात ठेवावं लागत नसे. आलेली लहर थेट इलेक्ट्रॉनच्या झोताला ताब्यात ठेवायची आणि झोत काचेवर चित्र काढत जायचा. स्टुडिओत हात हलला की घरातल्या पडद्यावर तो जवळपास त्याच क्षणी हलायचा. पडद्याच्या तळाशी पोचलेला झोत वर परत जाईपर्यंत काही रेघांचा वेळ रिकामा जायचा. त्या रिकाम्या रेघांतही बीबीसीनं १९७४ मध्ये 'सीफॅक्स' नावाची सेवा सुरू केली. बातम्या, हवामान, सामन्यांचे गुण असा मजकूर त्यातून घरोघरी जायचा, आणि इंटरनेट नसलेल्या काळात ती फार मोठी सोय होती.

लहर आणि चित्र यांचं नातं इतकं सरळ असल्यामुळे लहरीला काय झालं ते चित्रात जसंच्या तसं दिसायचं. सिग्नल अशक्त झाला की मुंग्या वाढत जायच्या. त्या मुंग्यांचा एक अगदी छोटा हिस्सा विश्वाच्या सुरुवातीच्या काळातल्या प्रारणाचा असायचा, हे मला अजूनही थरारक वाटतं. आणि एखाद्या डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून आलेली लहर उशिरा पोचली की चित्राच्या उजव्या अंगाला त्याचीच फिकट सावली दिसायची. ती किती सरकेल हेही काढता येतं. समजा आपटून आलेली लहर सरळ वाटेपेक्षा दीड किलोमीटर जास्त फिरून आली, तर तिला ५ मायक्रोसेकंद उशीर होतो. पडद्याची रुंदी म्हणजे ५२ मायक्रोसेकंद, तेव्हा सावली रुंदीच्या साधारण एक दशांशानं उजवीकडे पडते. अनुभवी तंत्रज्ञ सावली बघून अंदाज बांधायचा की अडथळा किती लांब असेल, आणि त्याप्रमाणे अँटेना फिरवायचा.

आता जागेचा प्रश्न. असा एक कार्यक्रम वाहून न्यायला अमेरिकेत ६ मेगाहर्ट्झ (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपनं) आणि इतर अनेक देशांत ७ किंवा ८ मेगाहर्ट्झ रुंदीची पट्टी लागायची. तिलाच आपण चॅनेल म्हणायचो. कागदावर असे डझनावारी चॅनेल होते, पण एका शहरात ते सगळे वापरता येत नसत. शेजारच्या पट्टीवर दुसरं केंद्र असलं की दोघांच्या चित्रात गडबड. शेजारच्या शहरानं तीच पट्टी वापरली तर दोन्ही शहरांच्या मधल्या गावांत एका चित्रावर दुसरं चित्र तरंगायचं. त्यामुळे प्रत्येक शहराभोवती कितीतरी पट्ट्या मुद्दाम मोकळ्या सोडाव्या लागत. रेडिओ लहरींच्या ज्या भागाला आज सर्वांत जास्त मागणी आहे, त्याचा मोठा तुकडा असा निम्मा-अधिक रिकामा अडकून पडला होता.

तो भाग मोलाचा का, हेही सांगायला हवं. टीव्हीच्या यूएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेच्या, पट्ट्या ४७० मेगाहर्ट्झपासून वर पसरलेल्या होत्या. या लहरी लांब जातात आणि भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात. मोबाइल कंपनीला २,००० मेगाहर्ट्झच्या पुढच्या लहरींवर एखादा परिसर झाकायचा असेल, तर ७०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत कितीतरी जास्त टॉवर उभारावे लागतात. मोबाइल फोन वाढत गेले तसं सगळ्यांचं लक्ष टीव्हीच्या ताब्यातल्या या पट्ट्यांकडे वळलं.

डिजिटल पद्धतीत चित्र आकड्यांत मोडतात, पण नुसतं मोडून भागत नाही. जुन्याच दर्जाचं चित्र आकड्यांत बदललं तर स्टुडिओतल्या मानकाप्रमाणे सेकंदाला २७० मेगाबिट माहिती होते. ८ मेगाहर्ट्झच्या पट्टीतून ब्रिटनच्या पहिल्या डिजिटल पद्धतीनं सेकंदाला सुमारे २४ मेगाबिट जायचे, अमेरिकेच्या ६ मेगाहर्ट्झमधून १९ च्या आसपास. म्हणजे एकच कार्यक्रम बसवायचा तरी माहिती दहापटीहून जास्त आटवायला हवी. एका पट्टीत चार-पाच कार्यक्रम कोंबायचे असतील तर पन्नास-साठ पट.

हे जमलं त्यामागे नासिर अहमद यांचं मोठं काम आहे. बंगळुरूत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले हे अभियंते. त्यांनी सुचवलेली डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ही गणिती रीत १९७४ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे. चौकोनातल्या ६४ ठिपक्यांचा उजेड वेगवेगळा सांगण्याऐवजी या चौकोनाचा सरासरी उजेड किती, त्यात सावकाश बदल किती आणि बारीक खरखर किती, असे ६४ आकडे काढायचे. निरभ्र आकाशाचा तुकडा असेल तर पहिले दोन-चार आकडे सोडून बाकी सगळे शून्याजवळ येतात. ते टाकून दिले तरी डोळ्याला फरक कळत नाही. त्याच्या जोडीला दुसरी युक्ती : पाठोपाठच्या चित्रांत बहुतेक भाग तोच असतो, म्हणून पूर्ण चित्र पुन्हा न पाठवता फक्त काय हललं आणि कुठे सरकलं तेवढंच कळवायचं. नव्वदच्या दशकात ठरलेलं एमपेग-२ हे चित्र आटवण्याचं मानक या दोन खांबांवर उभं आहे.

गंमत अशी की सगळ्या धडपडीची सुरुवात जागा वाचवण्यासाठी झाली नव्हती. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं १,१२५ रेघांचा अतिशय देखणा हाय डेफिनिशन टीव्ही तयार केला होता आणि तो अ‍ॅनालॉग पद्धतीनं, म्हणजे आकड्यांत न मोडता जुन्यासारखा थेट लहरीतून, प्रक्षेपित व्हायचा. अमेरिकेनं त्याला तोडीस तोड मानक शोधायला १९८७ मध्ये समिती नेमली. १९९० मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीनं संपूर्ण डिजिटल पद्धतीचा प्रस्ताव मांडला आणि बाकीचे प्रस्ताव मागे पडले. १९९६ च्या अखेरीस अमेरिकेनं डिजिटल मानक स्वीकारलं.

आकडे हवेतून पाठवायची युरोपची रीत मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण सावल्यांचा जुना त्रास तिनं मुळापासून मिटवला. एकाच लहरीवरून आकड्यांचा भडिमार करण्याऐवजी तिथे त्याच पट्टीत हजारो बारीक लहरी शेजारी-शेजारी ठेवतात. एका प्रकारात त्यांची संख्या ६,८१७ आहे. काम इतक्या जणींत वाटल्यामुळे प्रत्येक लहर अगदी सावकाश बोलू शकते. तिचं एक अक्षर ८९६ मायक्रोसेकंद चालतं आणि त्याआधी राखीव अवधी असतो. घुमणाऱ्या सभागृहात बोलताना आपण एकेक शब्द सुटा उच्चारतो आणि प्रतिध्वनी विरेपर्यंत थांबतो, तसंच हे. राखीव अवधी जास्तीत जास्त २२४ मायक्रोसेकंदांचा ठेवता येतो. तेवढ्या वेळात लहर ६७ किलोमीटर जाते, म्हणजे इतकं जास्तीचं अंतर फिरून आलेली लहरसुद्धा चित्र बिघडवत नाही. उलट संच तिचाही उपयोग करून घेतो. यातूनच पुढची सोय झाली : अनेक मनोरे एकाच पट्टीवर, एकाच वेळी, तोच कार्यक्रम सोडू शकतात. अ‍ॅनालॉगमध्ये हे कल्पनेपलीकडचं होतं. अमेरिकेनं वेगळी, एका लहरीची रीत निवडली. शहरांतल्या प्रतिध्वनींनी तिथल्या सुरुवातीच्या संचांना बराच त्रास दिला.

चुका दुरुस्त करण्याची सोयही सोबत पाठवलेली असते. युरोपच्या रीतीत दर १८८ बाइटच्या पुडक्यामागे १६ बाइट जास्तीचे. त्यांच्या आधारे पुडक्यातले आठ बाइट चुकले तरी संच ते नेमके हुडकून बरोबर करतो. नववा चुकला की अख्खं पुडकं वाया. डिजिटल टीव्हीचा गुण आणि दोष या दोन वाक्यांत आला. सिग्नल पुरेसा असेल तोवर मनोऱ्याच्या पायथ्याशी आणि चाळीस किलोमीटरवर चित्र सारखंच स्वच्छ दिसतं. ताकद जराशी खाली गेली की आधी चौकोन तुटू लागतात, आवाज अडखळतो आणि क्षणात सगळंच गायब होतं.

प्रक्षेपणाच्या काठावर राहणाऱ्यांच्या दृष्टीनं हा बदल साधा नव्हता. जुन्या पद्धतीत मुंग्यांनी भरलेल्या पडद्यावरही माणसाचा चेहरा ओळखू यायचा आणि चित्र गेलं तरी आवाज टिकायचा. वादळाची बातमी ऐकायला तेवढं पुरायचं. अमेरिकेत चक्रीवादळाच्या पट्ट्यात लोक बॅटरीवर चालणारे छोटे टीव्ही बाळगायचे. २००९ मध्ये तिथला जुना सिग्नल बंद झाल्यावर ते निरुपयोगी झाले, कारण नव्या सिग्नलचा उलगडा करणारा बॉक्स जोडायचा तर त्याला वेगळी वीज हवी. डिजिटलचे फायदे सांगणाऱ्या लेखांत ही बाजू फार कमी येते. आणीबाणीत अर्धवट का होईना पण पोचणारा सिग्नल ही मोठी गोष्ट होती, आणि ती आपण गमावली.

विलंबाचंही तसंच. आटवायला आणि उलगडायला वेळ लागतो, म्हणून डिजिटल चित्र एक-दोन सेकंद किंवा त्याहून उशिरा उमटतं आणि हा उशीर प्रत्येक संचात थोडा वेगळा असतो. पडद्यावर घड्याळ दाखवून ठोक्याला अचूक वेळ सांगण्याची जपानमधली जुनी पद्धत त्यामुळेच मोडीत निघाली. भूकंपाचा इशारा काही सेकंद आधी मिळण्यावर जीव अवलंबून असतात त्या देशात या उशिराची चर्चा फार गांभीर्यानं झाली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी कायम का चालू शकत नव्हत्या? काही वर्षं चालल्याच. प्रत्येक केंद्राला डिजिटलसाठी आणखी एक पट्टी दिली गेली, म्हणजे जागा वाचण्याऐवजी आधी दुप्पट लागली. जुनं चालू आहे तोवर लोक नवा संच किंवा बॉक्स घेत नव्हते, आणि लोकांकडे बॉक्स नाही तोवर जुनं बंद करता येत नव्हतं. हा तिढा आपोआप सुटणारा नव्हता. तारीख ठरवून बंद करणं एवढाच मार्ग उरला.

पहिलं पाऊल बर्लिन आणि भोवतालच्या भागानं ऑगस्ट २००३ मध्ये उचललं. २००६ मध्ये आधी लक्झेंबर्ग आणि मग नेदरलँड्स पूर्ण डिजिटल झाले. तिथे बहुतेक घरांत केबल असल्यामुळे अँटेनावर विसंबणारे थोडे होते आणि काम सोपं गेलं. त्याच वर्षी जिनिव्हात युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या देशांनी करार केला : १७ जून २०१५ नंतर सीमेपलीकडून येणाऱ्या अडथळ्यापासून अ‍ॅनालॉग केंद्रांना संरक्षण मिळणार नाही, काही देशांना थोडी जास्त मुदत. लहरी सीमा पाळत नाहीत, त्यामुळे एका देशानं रखडवलं की शेजाऱ्याची जागाही अडते. म्हणून करार लागला.

ब्रिटननं घाई केली नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये वायव्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हाइटहेवन गावापासून सुरुवात करून एकेक प्रदेश घेत ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये काम संपवलं. सीफॅक्स त्याच वेळी थांबलं. ७५ वर्षांवरच्या आणि अपंग व्यक्तींसाठी घरी येऊन बॉक्स जोडून देण्याची, वापरायला शिकवण्याची खास योजना होती.

अमेरिकेनं देशभरासाठी एकच तारीख ठेवली : १७ फेब्रुवारी २००९. त्याआधी सप्टेंबर २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये चाचणी म्हणून सिग्नल बंद केला गेला. प्रत्येक घराला बॉक्ससाठी ४० डॉलरची दोन कुपनं मिळणार होती, पण ती मागावी लागायची. शेवटच्या महिन्यांत इतके अर्ज आले की योजनेचा पैसा संपला आणि प्रतीक्षायादी लागली. अखेर संसदेनं तारीख १२ जूनवर ढकलली. हवाईनं मात्र जानेवारीतच बदल केला. तिथले जुने मनोरे हालेआकाला ज्वालामुखीच्या उतारावर होते आणि जवळच एका दुर्मीळ समुद्रपक्ष्याची वीण व्हायची. पक्षी घरट्यांत परतायच्या आत मनोरे उतरवायचे होते.

जपाननं २४ जुलै २०११ ला दुपारी बारा वाजता जुनं प्रक्षेपण थांबवलं. मार्चमधल्या भूकंप आणि त्सुनामीनं उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या प्रांतांना मार्च २०१२ अखेरपर्यंत मुदत दिली. मेक्सिकोत तिहुआना शहराचा सिग्नल मे २०१३ मध्ये बंद झाला, पण तोंडावर निवडणूक आणि बऱ्याच घरांत बॉक्स नाहीत अशी स्थिती असल्यामुळे काही दिवसांतच तो पुन्हा सुरू करावा लागला. जुलैमध्ये तो कायमचा थांबला. देशभराचं काम २०१५ च्या शेवटी पूर्ण करताना सरकारनं गरीब कुटुंबांना डिजिटल टीव्ही संच मोफत वाटले.

इथे एक गल्लत नेहमी होते. केबलचं डिजिटल होणं आणि हवेतल्या प्रक्षेपणाचं डिजिटल होणं या दोन वेगळ्या गोष्टी. भारतात २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला तो केबलसाठी. तारेतून जाणारा सिग्नल हवेतली जागा अडवत नाही. तिथे हेतू होता एका तारेत जास्त वाहिन्या बसवण्याचा आणि जोडण्यांचा हिशेब नीट लागण्याचा.

मोकळ्या झालेल्या पट्ट्यांचं काय झालं? अमेरिकेनं ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झचा पट्टा टीव्हीकडून काढून घेतला. त्यातला एक तुकडा अग्निशमन, पोलीस आणि रुग्णवाहिकांसाठी राखला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत वेगवेगळ्या दलांना एकमेकांशी रेडिओवर नीट बोलता आलं नव्हतं, त्यानंतर या मागणीला जोर आला होता. उरलेल्या भागातल्या बऱ्याच पट्ट्या २००८ मध्ये लिलावात गेल्या आणि सरकारला सुमारे १९ अब्ज डॉलर मिळाले. अमेरिकेतली ४जी सेवा मोठ्या प्रमाणावर याच लहरींवर उभी राहिली. युरोपात ७९० ते ८६२ मेगाहर्ट्झचा भाग तसाच मोबाइलकडे गेला.

माझं मत स्पष्ट आहे : इतक्या मोलाची जागा लोकांच्या अँटेनावरून काढून घ्यायची, तर तिच्यावर विसंबून असलेल्या प्रत्येक घरात बॉक्स पोचवणं आणि तो सुरू करून देणं ही सरकारचीच जबाबदारी ठरते. लिलावात आलेल्या पैशापुढे तो खर्च किरकोळ होता. ब्रिटननं म्हाताऱ्या माणसांच्या दारापर्यंत माणूस पाठवला, ते योग्य होतं. अर्ज करा आणि कुपन टपालानं येईल, ही रीत ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज होती त्यांनाच अवघड गेली.

जागेची ओढाताण २००९ मध्ये संपलीही नाही. २०१६-१७ मध्ये अमेरिकेनं ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या आणखी पट्ट्या लिलावात काढल्या. यावेळी डिजिटल केंद्रांनाच खाली सरकावं लागलं आणि ३६ च्या वरचे चॅनेल टीव्हीकडे उरले नाहीत. ३७ क्रमांकाची पट्टी मात्र कोणालाही विकली गेली नाही. ती खगोलशास्त्राच्या रेडिओ दुर्बिणींसाठी आणि रुग्णालयांतल्या उपकरणांसाठी राखीव आहे. कमी ताकदीच्या छोट्या अ‍ॅनालॉग केंद्रांना अमेरिकेत जुलै २०२१ पर्यंत मुभा होती.

अँटेनावर टीव्ही बघणाऱ्यांना यातून एक गोष्ट उपयोगी पडेल. एखादी वाहिनी अचानक नाहीशी झाली तर संच बिघडला असं लगेच समजू नये. बरेचदा केंद्र दुसऱ्या पट्टीवर गेलेलं असतं आणि मेन्यूतून वाहिन्या नव्यानं शोधल्या की ती परत मिळते. जुना काचेच्या नळीचा संचही बॉक्स जोडून चालतो. टाकूनच द्यायचा असेल तर ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा, कारण त्या जाड काचेत बरंच शिसं असतं.